घेतला वसा टाकू नका

तुमच्या फॅन्टसी मालिकेचा पहिला भाग छापून आला. सुरुवातीला नकाशा आहे, शेवटी वंशावळ आहे, मधली सहाशे पानं कुणीतरी वाचलीही असतील. आता प्रकाशकाने तुम्हाला ऐन उन्हाळ्यात अमेरिकेत इंडियानापोलिसला, जेनकॉन नावाच्या खेळांच्या मोठ्या मेळ्याला धाडलं आहे. दिवसभर सह्या करायच्या, रात्री टेबलावर बसून खेळायचं. श्रावणातल्या कहाणीत वसा घेणाऱ्याला ताकीद असते, उतू नकोस, मातू नकोस. लेखकाचा वसा उलटा. तुम्ही खुशाल उता, माता. नाहीतर तुम्ही आलात हे कळणार कुणाला?

१९६८ साली गॅरी गायगॅक्सने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात याच मेळ्यासाठी पहिल्यांदा ५० डॉलर भाड्याने एक हॉल घेतला, तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. आता चार दिवसांत ७० हजारांच्या वर जमतात. ती सगळी आपल्यासाठीच आली आहेत असं धरून चाला. सकाळी प्रदर्शनाचं दार उघडलं की हजारो लोक तुमच्या दिशेने धावत येतील. हसून उभे राहा. ते तुमच्या बाजूने निघून एका नव्या बोर्ड गेमच्या मोजक्या प्रतींसाठी पुढे जातील. तेवढ्यात खाली बसा आणि बूट बांधत असल्यासारखं करा.

रांगेची काळजी करू नका. शेजारी एक नावाजलेल्या बाई बसलेल्या असतील, त्यांची रांग वळसा घेऊन तुमच्याच टेबलापुढून जाईल. लांबून फोटो काढला तर ती तुमचीच दिसते. त्या रांगेतले लोक तुमच्या टेबलावर पिशव्या ठेवतील, कॉफीचे पेले ठेवतील, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतील. ते आधीच बघून ठेवा. संध्याकाळपर्यंत सगळ्यात आत्मविश्वासाने तुम्ही याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असेल.

पेन शक्यतो जाड मार्करचं घ्या. त्याची शाई पलीकडच्या पानावर उतरते, म्हणजे एका सहीत दोन सह्या होतात. सही पल्लेदार हवी, पहिल्या अक्षराला ड्रॅगनची शेपटी हवी. चाळीस प्रतींनंतर ती शेपटी गांडुळासारखी होईल, पण तोवर चाळीस प्रती खपल्या असतील तर देव पावला म्हणायचं. वाचकाचं नाव पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पानाला चिकटवलेलं असतं, तिकडे ढुंकून बघू नका. केटलिन हे नाव इंग्रजीत निदान पाच तऱ्हांनी लिहितात. तुम्ही सहावी शोधा. ज्याने स्वतःच्या नायिकेच्या नावात दोन स्वल्पविराम वर टांगले आहेत, त्याने केटलिनला दबून का वागावं? आणि कुणी ‘नाव नको, नुसती सही द्या’ म्हणालं, तर गहिवरून या. त्याला तुमच्या आणि स्वतःच्या मधे कुणाचंही नाव नको आहे. ती प्रत तो विकणार आहे असले कुत्सित विचार मनात आणू नका.

खरी परीक्षा दुपारी होते. एक सद्गृहस्थ पुस्तक पुढे करतात आणि म्हणतात, ‘माझी एक पॅलाडिन आहे.’ इथे मान डोलावलीत की संपलात. ही त्यांची खेळातली धर्मयोद्धा. ती बाराव्या लेव्हलला आहे, तिचा बाप तिला सोडून गेला, तिने एका लिचशी, म्हणजे मेलेल्या जादूगाराशी, करार केला, आणि हे सगळं गेली नऊ वर्षं दर मंगळवारी घडतंय. तुमची समजूत होती की गोष्ट तुमच्याकडे आहे आणि हे लोक ती घ्यायला आलेत. इथे तर ज्याच्या त्याच्या पाठीवरच्या पिशवीत एकेक राज्य आहे, नकाशा आणि वंशावळीसकट. तुम्ही आपले थोरपणे म्हणा, ‘हे लिहून काढा ना.’ ते पिशवीत हात घालतील. चारशे पानं आहेत. दोन्ही बाजूंनी.

त्यांच्या मागे दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी असते. सातव्या प्रकरणात नायकाचा घोडा मेला, मग एकोणिसाव्यात तो कशावर बसून पळाला, एवढंच तिला विचारायचंय. चूक झाली असं चुकूनही म्हणू नका. डोळे बारीक करा आणि सांगा, ‘ते मुद्दाम आहे. दुसऱ्या भागात कळेल.’ संपादकाला रात्री फोन करायचाच आहे, तेव्हा भुताच्या घोड्याचं बघता येईल.

रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या दानावर गोष्ट पुढे न्यायची. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली बाजारात आणला, पहिली आवृत्ती हजार प्रतींची, खोकी घरातच हाताने भरलेली. घरच्यांनी विचारलं तर हे कामच आहे म्हणून सांगा आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनचा दाखला द्या. १९८३ साली त्याला वाढदिवसाला एक सुपरहिरोंचा खेळ भेट मिळाला, तो मित्रांबरोबर त्यात इतका बुडाला की लेखन मागे पडलं. शेवटी त्या खेळातूनच त्याने अनेक लेखकांची एक पुस्तकमालिका उभी केली. वाया गेलेली वर्षं वसूल करायची ही रीत उत्तम आहे, फक्त त्यासाठी आधी मार्टिन असावं लागतं.

टेबलावर तुमच्या पात्राची अकरा पानी पूर्वकथा वाचून दाखवा. बाकीचे चौघे शांतपणे फासे रचत बसतील. त्यांच्या फाशांना हात लावू नका, लोक इथे स्वतःचे फासे मुलांसारखे जपतात, वाईट दान देणाऱ्या फाशाला डबीत कोंडून शिक्षाही करतात. (धर्मराजाला हे कुणी शिकवलं असतं तर अठरा पर्वं वाचली असती.) पडद्यामागे बसून खेळ चालवणारा डंजन मास्टर एकोणीस वर्षांचा असेल. त्याने तुमचं पुस्तक वाचलेलं नसेल. तुम्ही सहाशे पानांत तीन राजघराणी बुडवलीत, आता एक बंद दार उघडायचं आहे. वीस बाजूंचा फासा टाका. कुठलीही बाजू पडण्याची शक्यता ५ टक्के, पुरस्कार असो वा नसो. एक पडला. दार उघडलं नाही. त्या दाराचं प्रतीकात्मक महत्त्व समजावून सांगून बघा. दारामागचा ऑगर राक्षस तेवढ्यात स्वतःच ते उघडेल.

मग तुम्ही आडवे. नियम साधा आहे, दर पाळीला एक दान, तीनदा दहा किंवा वर पडलं तर तगलात, तीनदा खाली पडलं तर गेलात, आणि एक पडला तर तो दोनदा धरतात. पहिलं दान सात. दुसरं दान एक.

हे मुद्दाम असेल ना, पुढच्या भागात परत येत असेन ना, असं त्या पोराला विचारा. तो फासा बघेल, तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, ‘नाही सर, मेलात.’ मग एक कोरी कॅरेक्टर शीट पुढे सरकवून नव्या पात्राचं नाव विचारेल. वेळ घालवू नका. घोड्याचं नाव सांगा.