रात्री साडेबाराला मोबाइल बंद करू नका

‘आज रात्री 12:30 ते 3:30 या वेळेत मंगळावरून निघालेले कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. मोबाइल बंद करून अंगापासून दूर ठेवा. जवळ ठेवल्यास किरण मोबाइलमधून शरीरात शिरतील, जिवाला धोका आहे. नासा आणि बीबीसीने सांगितले आहे. सर्वांना पाठवा.’

हा मेसेज कित्येक वर्षांपासून देशभर फिरतो आहे. त्यात तारीख कधीच नसते, फक्त ‘आज रात्री’ असतं, त्यामुळे तो शिळा होत नाही. यंदा हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांच्या ग्रुपवर परत आला, तेव्हा त्याला आणखी दोन वाक्यं जोडलेली होती. युरोपातल्या देवकणाच्या यंत्राने (जिनिव्हाजवळ प्रोटॉनची टक्कर घडवणाऱ्या यंत्राने) आकाशाच्या कवचाला भोक पाडलं म्हणून किरण वाढले, हे एक. आणि शेणाने सारवलेल्या घरात ते शिरत नाहीत, हे दुसरं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पोरांनी विचारलं तर आनंदच होतो. पण रात्री वावरात ओलिताला आणि जागलीला जाणाऱ्या माणसांनी खरोखर मोबाइल बंद करून घरी ठेवले. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘मंगळावरून निघालेले किरण’

मंगळ हा थंड पडलेला खडकाळ ग्रह आहे. असले किरण तयार करायची ताकद त्याच्यात नाही. कॉस्मिक किरण, मराठीत वैश्विक किरण, म्हणजे प्रचंड वेगाने धावणारे अणूंचे गाभे. दहातले नऊ नुसते प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतेक हेलियमचे गाभे. काही सूर्याकडून येतात. जास्त ऊर्जेचे बहुतेक आपल्या आकाशगंगेत फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत वेग घेऊन निघतात. मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही, हवाही विरळ आहे. त्यामुळे तोच आपल्याहून कितीतरी जास्त झोडपला जातो, आणि 2012 पासून तिथे असलेली क्युरिऑसिटी गाडी हा मारा मोजते आहे.

‘आज रात्री 12:30 ते 3:30’

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे. मेसेजमधलं हे सगळ्यात खोटं वाक्य आहे, आणि त्याच्यामागचं खरं विज्ञान सगळ्यात सुंदर आहे.

हे किरण आजच्या रात्रीचे पाहुणे नाहीत. ते रोज, दिवसरात्र, चहूबाजूंनी येतात. ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस 1912 मध्ये उपकरणं घेऊन फुग्यातून 5,300 मीटरपर्यंत चढला. वर जावं तसा किरणोत्सार वाढत गेला, म्हणजे तो जमिनीतून नव्हे, आकाशातून येत होता. त्याच वर्षी सूर्यग्रहणातही त्याने उड्डाण केलं. चंद्राने सूर्य झाकला तरी मोजमाप घटलं नाही, म्हणून मुख्य उगम सूर्य नाही हेही कळलं. या कामासाठी त्याला 1936 चं नोबेल मिळालं.

वरून आलेला प्रोटॉन हवेच्या थरात एखाद्या अणूच्या गाभ्यावर आदळतो. त्या टकरीतून पायॉन नावाचे कण उडतात आणि त्यांच्यातून म्युऑन जन्मतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच सुमारे 207 पट जड भाऊबंद. तो साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर तयार होतो आणि त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तो सातशे मीटरसुद्धा जाणार नाही. तरीही तो आपल्या अंगणात पोचतो, कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा हळू चालतं. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद इथे प्रत्यक्ष जमिनीवर येऊन पडतो. उघडा तळहात आकाशाकडे धरा. दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन त्यातून आरपार जातो आहे. खाटेवर झोपलेल्या माणसातून सेकंदाला शंभराच्या आसपास. तुमच्या आजोबांच्या अंगातूनही असेच गेले.

आता त्या वेळेकडे पाहा. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात लंडनला संध्याकाळचे सात वाजलेले असतात. आकाशातून येणाऱ्या कणाला कोणत्या देशाचं घड्याळ लागू होणार? आणि सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशानेच न अडणारे अतिहलके कण, तर रात्रीही चुकत नाहीत. दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे सहा हजार कोटी न्यूट्रिनो जातात. दिवसा डोक्यावरून, रात्री अख्खी पृथ्वी भेदून पायाखालून.

‘मोबाइलमधून शरीरात शिरतील’

मोबाइल किरण ओढून घेतो अशी कल्पना यामागे आहे. जिनिव्हाजवळच्या यंत्रात धावणाऱ्या प्रोटॉनला नुसतं वळवायचं तर 27 किलोमीटरच्या वर्तुळात उणे 271 अंश तापमानाची हजारावर अतिसंवाहक चुंबकं लावावी लागतात. खिशातल्या यंत्राने आकाशातला कण खेचायचा प्रश्नच येत नाही. कणांची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मोजतात. मोबाइलच्या लहरीच्या एका कणात एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या साधारण लाखाव्या भागाएवढी ऊर्जा असते. जमिनीवर येणाऱ्या म्युऑनमध्ये सरासरी चार अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. फोन चालू असो की बंद, उशाशी असो की फळीवर, म्युऑनला काहीही फरक पडत नाही.

यात खरेपणाचा एक कण आहे, तो लपवायचं कारण नाही. वैश्विक किरणांतला एखादा कण संगणकाच्या स्मृतीतल्या शून्याचा एक करू शकतो. 2003 मध्ये बेल्जियमच्या एका निवडणुकीत मतमोजणीच्या यंत्राने एका उमेदवाराला 4,096 मतं जादा दिली. ही संख्या म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणजे एकाच ठिकाणचा अंक उलटलेला. वैश्विक किरण हेच त्याचं सर्वांत संभवनीय कारण मानलं गेलं. पण इथे चूक यंत्राच्या स्मृतीत होते, तुमच्या शरीरात नाही.

‘जिवाला धोका आहे’

माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सार मिळतो. आकाशातून येणारा वाटा त्याचा साधारण सहावा हिस्सा. बाकीचा माती, दगड, हवेतला रेडॉन आणि अन्न यांतून. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येच दर सेकंदाला चार हजारांवर अणू फुटत असतात. आणि खरोखर मोठं सौर वादळ आलं तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. 10 मे 2024 च्या रात्री गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत जोरदार भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर आलं. लडाखच्या हानले इथून आकाशात लाल आभा टिपली गेली. आमच्या गावात त्या रात्री लोक उकाड्याने अंगणात झोपले होते आणि सकाळी उठून कामाला गेले.

‘देवकणाच्या यंत्राने आकाशाला भोक पाडलं’

ही गोष्ट विज्ञानकथेतून उचललेली आहे. कथेत यंत्र सुरू होतं, निळा झोत निघतो, आकाश फाटतं, दुसऱ्या जगातून काहीतरी आत येतं. कथेला संकट लागतं, त्यामुळे तिथे ते शोभतं. प्रत्यक्षातलं यंत्र जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर आहे आणि त्यातले प्रोटॉन निर्वात नळीतच फिरतात. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज कण, म्हणजेच हा ‘देवकण’, सापडल्याचं तिथून जाहीर झालं. आकाशाशी त्याचा संबंध नाही. आपलं कवच म्हणजे हवा आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. त्याला भोक पाडणारं यंत्र अजून कोणी बांधलेलं नाही.

शिवाय निसर्ग त्या यंत्राच्या फार पुढे आहे. 15 ऑक्टोबर 1991 रोजी अमेरिकेतल्या युटामध्ये एका वैश्विक कणाची नोंद झाली. ताशी 90 किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते तेवढी ऊर्जा त्या एका कणात होती. जिनिव्हातल्या प्रोटॉनपेक्षा ती चार कोटींहून अधिक पट. असे जबर कण पृथ्वीच्या हवेवर अब्जावधी वर्षं आदळत आले आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे.

हा मुद्दा मला मनापासून लागतो. सप्टेंबर 2008 मध्ये हे यंत्र सुरू होताना वाहिन्यांनी जगबुडीच्या बातम्या दिवसभर दाखवल्या. त्या पाहून घाबरलेल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या एका मुलीने जीव दिल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. माझ्या वर्गात त्याच वयाची मुलं बसतात. भीती पुढे ढकलताना समोर कोण वाचतं आहे, हे आपल्याला दिसत नसतं.

‘शेणाने सारवलेल्या घरात शिरत नाहीत’

सारवण धुळीसाठी चांगलं, त्यात वाद नाही. पण म्युऑन दगडाचे डोंगर पार करतो. 2017 मध्ये इजिप्तच्या खुफूच्या पिरॅमिडमधून आरपार येणारे म्युऑन मोजूनच आतली एक मोठी पोकळी सापडली. त्यांच्यापासून सुटका हवी म्हणून आपल्याच शास्त्रज्ञांना कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरावं लागलं. तिथे 1965 मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. बोटभर जाडीच्या थराने हे कण अडत नाहीत, आणि अडवायची गरजही नाही.

‘नासा आणि बीबीसीने सांगितले आहे’

सांगितलेलं नाही. मेसेजमध्ये ना दुवा, ना तारीख.

आता आकाशातल्या ज्या गोष्टीने विदर्भात दरवर्षी खरोखर माणसं आणि जनावरं मरतात, तिच्याबद्दल: वीज. गंमत वाटेल, पण तिच्या ढगाची ताकद मोजायला म्युऑनच कामी आले. उटीजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-3 ही प्रयोगशाळा आहे. 1 डिसेंबर 2014 च्या वादळात तिथे पोचणारे म्युऑन थोडे कमी झाले. त्या घटीवरून हिशेब मांडला, तेव्हा ढगातला विद्युतदाब सुमारे 130 कोटी व्होल्ट निघाला. पावसाळ्यात वावरात असताना वीज जवळ येते आहे हे सांगणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलं आहे. ते बंद मोबाइलवर चालत नाही.

आणि रात्री साडेबारा ते साडेतीन. मेसेज पाठवणाऱ्याला माहीत नसेल, पण आमच्याकडे हीच वेळ ओलिताची असते. थ्री-फेजची लाईन रात्रीची असली की माणूस एकटाच मोटार चालू करायला विहिरीवर जातो. पायाखाली ओला बांध, अंधार, थंडीतही फिरणारी घोणस, कधी पिकात शिरलेली रानडुकरं. त्याच्या हातातला मोबाइल म्हणजे बॅटरी, घरी करायचा फोन आणि 108 नंबर. घरात दिवस भरलेली सून असेल तर आशाताईला फोन लावायचा तोही त्यातूनच. हे तीन तास फोन बंद ठेवण्यात धोका आहे, आणि तो आकाशातून आलेला नाही.

ज्या ग्रुपवर तो मेसेज आला, त्याच ग्रुपवर हे टाका. आणि या आठवड्यात ज्यांची लाईन रात्रीची आहे, त्यांना आज दिवसाच फोन करून सांगा.