चेपलेलं गवत

आत्ता तासाभरापूर्वी ग्लेन एटिव्ह या इथल्या डोंगरदरीतून घरी आले. अंगाला अजून दुसऱ्याच कुणाच्यातरी शेकोटीचा वास येतोय, आणि फोन उघडते तर आपल्याच ग्रुपवर एकानं लिहिलंय, "स्कॉटलंडमध्ये हे कुठेही तंबू ठोकणं बंदच केलं पाहिजे, लोकांची लायकी नाही." खाली धडाधड अंगठे. मग म्हटलं आता लिहितेच. लांबेल, वाचायचं तर वाचा.

आधी सकाळचं ऐका. आम्ही वर लांब चढून राहिलो होतो, सकाळी खाली उतरलो तर नदीकाठी, रस्त्यापासून वीसेक पावलांवर अख्खा तंबू उभा. माणूस एक नाही. चेन अर्धवट उघडी, आत दोन स्लीपिंग बॅगा ओल्याचिंब, हवा गेलेली गादी आणि तिला पंप तसाच लावलेला. बाहेर दगडांचं काळं रिंगण, त्यात फुटलेल्या बाटल्या. शेजारचं बर्चचं झाड कुणीतरी करवतीनं निम्म्यापर्यंत कापून सोडून दिलेलं. जिवंत झाड हो! ओलं लाकूड पेटत नाही हेही ज्यांना माहीत नाही ते करवत घेऊन येतात. मी तिथे उभी राहून अक्षरशः रडले, रागानं.

तरीसुद्धा मी बंदीच्या विरोधात आहे आणि त्याला कारण एक म्हातारबाबा आहेत.

इथे आल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. उत्तरेकडे सदरलंडमध्ये एका छोट्या लॉखजवळ, म्हणजे तळ्याजवळ, आम्ही पहिल्यांदाच तंबू लावला होता. संध्याकाळी लांबून एक म्हातारा काठी टेकत, कुत्रा घेऊन सरळ आमच्याकडेच येताना दिसला. मी नवऱ्याला म्हटलं झालं, हाकलणार आता, आणि मी सॉरी सॉरी करत खुंट्या उपटायलाच लागले. तर तो म्हणाला, "असू द्या, पण इथे रात्री खालून पाणी येतं, त्या उंचवट्यावर लावा." आम्ही तंबू उचलला. खाली गवत चेपलेलं होतं तर हा माणूस गुडघ्यावर बसला आणि उलट्या हातानं ते गवत उभं करायला लागला, केस विंचरतात ना तसं. म्हणाला, "उद्या निघताना तिकडेही असंच करा, म्हणजे पुढच्याला वाटेल आपणच पहिले." बास. नाव नाही विचारलं, कागद नाही मागितला. मेंढ्या त्याच्या होत्या, रान त्याच्या रोजच्या वापरातलं, आणि मी कालपरवा आलेली परदेशी बाई.

तो उदार होता म्हणून नाही फक्त. कायदाच तसा आहे इथे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं दुसऱ्याच्या रानात तंबू लावून राहायचा हा हक्क दिला आणि २००५ पासून तो लागू आहे. पण लोक अर्धंच वाचतात. हक्क आहे तो जबाबदारीनं वागलात तर. थोडी माणसं, हलका तंबू, एका जागी दोन-तीन रात्री, घरांपासून, रस्त्यापासून लांब, कुंपणातल्या पिकात आणि जनावरांत नाही, आणि मागे काही ठेवायचं नाही. म्हणजे ते करवतवाले हा हक्क वापरतच नव्हते! गाडीतून माल उतरवून वीस पावलांवर राडा घालणं ह्यात तो हक्क आला कुठे? कचरा टाकणं आधीच गुन्हा आहे, दंड आहे, झाड कापायला परवानगी कुणीच दिलेली नाही. मग त्यांच्यासाठी माझा आणि त्या म्हाताऱ्याचा करार कशाला मोडताय?

आणि बंदी आल्यावर काय होतं ते बघा की. इंग्लंडमध्ये हा असा हक्क उरला होता फक्त डार्टमूर या नैऋत्येकडच्या माळरानावर, १९८५ च्या कायद्यामुळे. तिथल्या सुमारे ४००० एकरांच्या मालकानं कोर्टात नेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्ट म्हणालं की तंबूत झोपणं हे खुल्या हवेतल्या विरंगुळ्यात बसत नाही. झोपणं बसत नाही! दिवसभर चाललेला माणूस रात्री आडवा झाला की त्याचा हक्क संपला. हजारो लोक मोर्चानं त्या माळावर गेले. जुलैमध्ये अपील कोर्टानं फिरवलं, तरी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंच, आणि २१ मे २०२५ ला पाचही न्यायाधीशांनी एकमतानं हक्क मान्य केला. कचरा आणि आग ही कारणं तिथेही पुढे केली होती. म्हणून म्हणते, आपण आपल्या हातानं ही कारणं पुरवू नका, आणि "बंद करा" म्हणून त्यांच्या सुरात सूर तर अजिबात मिसळू नका. एकदा गेलेला हक्क परत आणायला सुप्रीम कोर्ट लागतं.

बरं, कबूल करते. लॉख लोमंडच्या काठाला २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर काही पट्ट्यांत परमिट लागतं आणि ते काठ पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. मला ते आवडत नाही, पण दिसतात. आणि ज्यांच्या दारासमोर दर सोमवारी लोकांची घाण असते त्यांना मी कुठल्या तोंडानं हक्क शिकवू? २०२० च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊन उठल्यावर त्यांनी जे सोसलं ते आपण घरात बसून फोटोत पाहिलं. पण ग्लेन एटिव्हच्या अख्ख्या रस्त्यावर मला आज एक शौचालय दिसलं नाही, एक कचऱ्याचा डबा नाही, एक रेंजर नाही. पाट्या मात्र आहेत.

लिहिताना राग जरा उतरलाय. खरं सांगू का, ते तंबू टाकून गेलेले पण बहुतेक पहिल्यांदाच आले असणार. आम्ही आलो होतो तसेच. पाऊस लागला असेल, थंडी वाजली असेल, पहाटे पळाले असतील. त्यांना तो म्हातारा भेटला नाही. करवतीला मात्र माफी नाही, ते राहू दे.

आम्ही तो तंबू गुंडाळला, तीन पिशव्या भरल्या, डिकी बंद होईना. तंबूखाली गवताचा पिवळा चौकोन राहिला होता, बरेच दिवस झाकलेला असावा. लेक खाली बसली आणि उलट्या हातानं विंचरायला लागली. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, लहानपणापासून बघत आलीये तेवढंच. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, हे उठत नाहीये गं. आपलं तर लगेच उठतं." मग मीही बसले तिच्याशेजारी.

बारीक काचा अजून राहिल्यात तिथे, पावसात वेचता येईनात. पुढच्या शनिवारी परत जातेय, हातमोजे घेऊन, आणि ते बर्चचं झाड जगतंय का तेही बघायचंय. गाडीत दोन जागा आहेत. ज्यानं ग्रुपवर बंदीचं लिहिलंय त्याला आधी विचारतेय, सकाळी सहाला निघू, येतोस का?