उवा मरतात, लिखा राहतात : 'दर्यावर्दी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दर्यावर्दी,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळलेल्या कोरलच्या (प्रवाळाच्या) किडीवरचा माझा लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या कोरलला डिप (कीड मारणाऱ्या औषधी पाण्यात बुडवणं) आणि वर दोन महिने क्वारंटाइन (वेगळ्या टाकीत ठेवणं) सांगून मी नवख्यांना घाबरवतोय; डिपने किडीची अंडी मरतच नाहीत, मग तो करायचा कशाला; टाकीत सिक्स-लाइन रॅस हा छोटा मासा सोडला की कीड तोच खातो; आणि एवढं करून कीड लागलीच तर कुत्र्यांना जंतांसाठी देतात ती गोळी आहेच.

अंड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. 'एकदा डिप केला की निर्धास्त' हे माझं वाक्य आज लेखातून काढलं. खरं तर मला ते लिहायचा अधिकारच नव्हता, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. मागच्या वर्षी इथे न्यू जर्सीत एका दुकानातून हिरव्या अ‍ॅक्रोपोराचा बोटभर फ्रॅग, म्हणजे या फांद्यांच्या कोरलचा कापलेला तुकडा, आणला. आयोडिनच्या डिपमध्ये दहा मिनिटं ठेवला, पांढऱ्या डब्यात काही पडलं नाही, लावला टाकीत. दोन-अडीच महिन्यांनी शेजारच्या मोठ्या कॉलनीचा (वाढलेल्या कोरलचा) रंग बुडख्याकडून उतरायला लागला. मी अल्कलिनिटी मोजतोय, दिवे मंद करतोय, बायको म्हणतेय पाणी बदल. शेवटी एका रात्री रबरी फुग्याच्या पिचकारीने फांद्यांवर जोरात पाणी मारलं, तर तिळाएवढे चपटे तुकडे सुटून तरंगायला लागले. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी! खाल्लेल्या कोरलमधलं शैवाल आणि रंगद्रव्य यांच्या अंगात उतरतं, त्यामुळे ज्या फांदीवर बसतात तिच्याच रंगाचे दिसतात. आपल्याला दिसतात ते फक्त त्यांनी खाल्ल्याचे फिकट गोल डाग.

घरात शाळकरी मुलगी असेल तर तुम्हाला पुढचं सांगायला नको. औषधाने उवा मरतात, लिखा केसाला चिकटून राहतात. म्हणून आपण औषधच फेकून देतो का? आठवड्याने परत लावतो, फणी फिरवत राहतो. डिपचंही तेच. अंड्यातून निघालेला कृमी स्वतः अंडी घालण्याजोगा व्हायला काही आठवडे लागतात. त्या मुदतीत दर आठवड्याला डिप केला तर पुढची पिढी होत नाही. पाणी गार असेल तर अंडी उबायला जास्त दिवस घेतात, म्हणून क्वारंटाइनची टाकी थंड ठेवून उपयोग नाही. माझे दोन महिने आले ते या हिशेबातून. त्यात भीती घालण्याचा संबंध नाही.

लिखांवर आणखी एक जालीम उपाय असतो, केस कापणे. कोरलचाही असाच आहे आणि मूळ लेखात मी त्यावर जेमतेम एक ओळ लिहिली, ही माझी दुसरी चूक. हे कृमी अंडी घालतात ती जिवंत कातडीवर नव्हे, बुडख्याशी उघड्या पडलेल्या सांगाड्यावर. म्हणून दुकानाचा प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो छोटा तळ) कधीही टाकीत जाऊ द्यायचा नाही. फ्रॅग जिवंत भागातून कापायचा, नव्या प्लगवर चिकटवायचा, जुना केरात. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही बाटलीतल्या औषधापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. माँटिपोरा हे पापुद्र्यांसारखं कोरल खाणाऱ्या पांढऱ्या न्यूडिब्रँकची (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीची) अंडीही पापुद्र्याच्या खालच्या बाजूला सापडतात, तिथे भिंग घेऊनच बघा.

(झोअँथिड या कोरलच्या नात्यातल्या जिवांना कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे थट्टेचं विष नाही. त्यांचा दगड उकळायचा तर विचारही नको, वाफेने माणसं दवाखान्यात गेली आहेत.)

आता रॅस. माझ्याकडेही आहे, भांडकुदळ आहे, आणि कृमी टिपतो हे खरं. पण तो दिवसा टिपतो आणि रात्री झोपतो. फांद्यांच्या बेचक्यात त्याचं तोंड पोचत नाही आणि अंड्यांना तो हात लावत नाही. म्हणजे कीड संपत नाही, डोळ्यांना दिसेनाशी होते. तुमच्या टाकीत वर्षानुवर्षं काही नाही म्हणता, असेलही. एकदा दिवे गेल्यावर पिचकारी मारून बघा.

गोळीचा मात्र तुमचा सरळ गोंधळ झालाय. तुम्ही म्हणता त्या गोळीतलं औषध, मिल्बेमायसिन, चालतं ते रेड बग्ज या दुसऱ्या किडीवर, कारण ते कोळंबीच्या जातकुळीतले, अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे, लाल ठिपका असलेले जीव. चपटे कृमी त्या कुळातले नाहीत, त्यांच्यावर ती गोळी वाया. उलट तुमच्या टाकीतली कोळंबी आणि खेकडे आधी मरतील. इथे ती गोळी पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेही लक्षात ठेवा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: प्रवाळभित्ती बांधणारी कोरल तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, फ्रॅग विकत घेणंही अंगाशी येईल.

त्या मोठ्या कॉलनीचं काय झालं, असं तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंत. बुडखा फेकला. वरची तीन टोकं कापून घेतली, सात आठवडे दर रविवारी डिप केला. दोन वाचली. त्यांतलं एक आता खालून पसरायला लागलंय.