आठवत नाही म्हणजे दुखलं नाही?
दुर्बिणीच्या तपासणीवरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय, झोपेचं इंजेक्शन दिलं की तपासणीत 'काही कळत नाही'. इथं जरा अडतंय. मागच्या वर्षी मिरजेत आमच्या आईची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, झाली. मी दाराबाहेर बाकावर. आत ती दोनदा 'आई गं, बास करा' म्हणून ओरडली, या कानांनी ऐकलंय. बाहेर आल्यावर मलाच विचारते, 'कधी करणार आहेत रे?' रिक्षा सांगलीत विश्रामबागला येईपर्यंत हाच प्रश्न तीनदा!

अशा वेळी देतात ते मिडॅझोलाम हे झोपेचं इंजेक्शन नव्या आठवणी साठूच देत नाही. वेदना थांबवणं हे त्याचं काम नव्हे. वेदनेसाठी फेंटानिलसारखं वेगळं वेदनाशामक लागतं. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधानं झोप गाढ लागते, पण श्वासावर सतत लक्ष ठेवणारा माणूस हवा, खर्चही वाढतो. तेव्हा 'दुखू नये म्हणून काय देणार?' हे आधीच विचारा. आणि डॉक्टरांनो, रिपोर्ट सोबतच्या माणसाला सांगा हो. आईला तिथंच सगळं समजावलं म्हणे, तिला त्यातलं अक्षर आठवत नाही.

आता मावशीची तपासणी आहे. आई तिला फोनवर सांगत होती, 'जा गं बिनधास्त, काही दुखत नाही.' मी गप्प बसलो.