फिट एकच नसते, गोळीही एकच नसते

‘फिटवर शंभर टक्के खात्रीचा इलाज’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, सगळ्यांची फिट सारखीच असते आणि तिच्यावरच्या सगळ्या गोळ्या म्हणजे झोपेच्याच गोळ्या असतात, म्हणून महागडी गोळी सोडून शेजाऱ्याला लागू पडलेली स्वस्त गोळी घ्यावी. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवावी आणि हातात लोखंडी किल्ली द्यावी. एक विशिष्ट चूर्ण 21 दिवस घेऊन नंतर सर्व गोळ्या बंद कराव्यात. कोबी कायमचा सोडावा. आणि हा आजार असलेल्या मुलीचे लग्न करू नये. एरवी असले संदेश मी पुसून टाकतो. हा मात्र माझ्या मामेबहिणीपर्यंत पोहोचला. तिच्या तिसरीतल्या मुलीला अ‍ॅब्सेन्स प्रकारच्या फिट येतात आणि त्यासाठी एथोसक्सिमाइड चालू आहे. तिने फोन करून विचारले, “दादा, शेजारच्या काकांना कार्बामाझेपिन लागू पडली म्हणतात, तीच हिला दिली तर?” माझे औषधांचे दुकान आहे, हा प्रश्न ऐकल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

कारण नेमकी हीच अदलाबदल घातक आहे. फिट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माणूस जमिनीवर कोसळून ताठ होतो, हातपाय झाडतो आणि तोंडाला फेस येतो, एवढे एकच चित्र उभे राहते. हा टॉनिक-क्लॉनिक प्रकार. अ‍ॅब्सेन्समध्ये यातले काहीही घडत नाही: मूल बोलता बोलता थांबते, नजर शून्यात लागते, पापण्या किंचित फडफडतात आणि काही सेकंदांत ते पुन्हा भानावर येते. असे दिवसातून अनेकदा होऊ शकते आणि शाळेत त्याला ‘लक्ष नसते’ असा शेरा मिळतो. मायोक्लॉनिक प्रकारात, विशेषतः रात्रीची झोप झालेली नसेल तर, सकाळी उठल्यावर हाताला अचानक हिसका बसून चहाचा कप उडतो. मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणारी फोकल फिट तर नाना रूपांत दिसते: कुणाचा एकच हात उडत राहतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत ते पाहत असतो, तर कुणी ओठ चाटत, कपडे चाचपत भांबावल्यासारखा बसतो आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही. हीच फिट पुढे दोन्ही बाजूंना पसरली की अंगभर झटके येतात, आणि मग बाहेरून पाहणाऱ्याला सुरुवात कुठून झाली हे कळतच नाही.

आता औषधांकडे येऊ. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधे चेतापेशींमधील सोडियमच्या वाटा रोखून काम करतात आणि फोकल फिटवर उत्तम चालतात. शेजारच्या काकांना गुण आला, त्यात नवल नाही. पण हीच औषधे अ‍ॅब्सेन्स आणि मायोक्लॉनिक फिट वाढवू शकतात. एथोसक्सिमाइड हे कॅल्शियमच्या एका विशिष्ट वाटेवर काम करते, म्हणून ते अ‍ॅब्सेन्सवर चालते आणि अंगभर येणाऱ्या झटक्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. व्हॅल्प्रोएटचा पल्ला मोठा आहे, म्हणजे ते फिटच्या अनेक प्रकारांवर चालते; लेव्हेटिरासेटाम तिसऱ्याच मार्गाने काम करते. ही सगळी एकजात झोपेची औषधे असती, तर एका प्रकारावर गुणकारी ठरलेली गोळी दुसऱ्या प्रकारात आजार वाढवती का?

याचा ढळढळीत पुरावा 2010 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आहे. अ‍ॅब्सेन्स प्रकाराचे नव्याने निदान झालेल्या 453 मुलांना चिठ्ठ्या टाकल्यागत तीन गटांत वाटून एथोसक्सिमाइड, व्हॅल्प्रोएट किंवा लॅमोट्रिजिन देण्यात आले. 16 आठवड्यांनंतर उपचार यशस्वी ठरलेल्या मुलांचे प्रमाण एथोसक्सिमाइडच्या गटात 53 टक्के, व्हॅल्प्रोएटच्या गटात 58 टक्के, तर लॅमोट्रिजिनच्या गटात अवघे 29 टक्के होते. लॅमोट्रिजिन हे काही टाकाऊ औषध नव्हे. फोकल फिटसाठी जगभर ते दिले जाते. तरीही या एका प्रकारात ते निम्म्याने मागे पडले.

याच चाचणीचा आणखी एक निष्कर्ष संदेशातील एका वाक्याला थोडे बळ देतो, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘या गोळ्यांनी डोके मंद होते’ हे सरसकट खरे नाही, पण सरसकट खोटेही नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांपैकी 49 टक्क्यांच्या एकाग्रतेत दोष आढळला, एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 33 टक्के होते. 1912 पासून वापरात असलेल्या फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड वाढते. यावरचा उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलून घेणे. काकांच्या डबीतली गोळी उचलणे नव्हे. भाचीला एथोसक्सिमाइड दिले गेले त्यामागेही हाच हिशेब असतो: गुण जवळपास तेवढाच, आणि अभ्यासावरचा परिणाम कमी.

कांदा, चप्पल आणि किल्लीबद्दल फार लिहिण्याची इच्छा नाही. अंगभर येणारा झटका बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतो. चप्पल शोधून नाकापर्यंत नेईपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, आणि श्रेय चपलेला मिळते. कोंबडा आरवला म्हणून उजाडले, असे म्हणण्याइतकाच हा तर्क पक्का आहे. खरे काम वेगळे आहे: डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे, झटके ओसरताच माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपुढे गेला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी मिडाझोलम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल, तर तो घरात आणि शाळेच्या दप्तरात असावा.

चूर्णाचा मुद्दा मात्र मला सर्वांत जास्त संताप आणतो. अशा ‘नैसर्गिक’ पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन मिसळलेले सापडल्याची प्रकरणे आपल्या देशात घडलेली आहेत. म्हणजे गुण येतो तो ज्या गोळ्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच जातीच्या औषधाने, आणि तोही मात्रा कुणाला ठाऊक नसताना. 22 व्या दिवशी सगळे एकदम बंद केले की मेंदू उसळी मारतो आणि एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात, ज्यांत जीवही जातो. गोळ्या कधीच बंद होत नाहीत, असे मी म्हणत नाही. लहान मुलांमध्ये साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही, तर डॉक्टर त्या बंद करण्याचा विचार करतात आणि अनेकांच्या बाबतीत ते साधतेही. पण ते आठवडे आणि महिने घेऊन, मात्रा हळूहळू उतरवत.

कोबीच्या मुद्द्यात कणभर तथ्य आहे. डुकराच्या मांसातील टेपवर्मची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जातात; त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्या की फिट येतात, आणि शाकाहारी घरांतही हे घडते. दोष कोबीचा नाही. भाजी नीट धुवावी, शिजवून खावी, एवढे पुरे.

उरला लग्नाचा मुद्दा. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, हा विवाहाला आडवा येणारा घटक होता. 1999 च्या दुरुस्तीने तो काढून टाकला गेला. संदेश लिहिणारा अजून त्याच्या अलीकडेच उभा आहे. गर्भारपणाबद्दल मात्र एक गोष्ट त्याने लिहायला हवी होती आणि नेमकी तीच लिहिलेली नाही: गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर दर 100 बाळांपैकी सुमारे 10 बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि 30 ते 40 मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाममध्ये हा धोका बराच कमी आहे. म्हणून ही चर्चा दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांशी व्हायला हवी, आणि दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून स्वतःहून गोळी थांबवणे हे तर कधीच करू नये.

मामेबहिणीला मी एवढेच सांगितले, की चालू असलेली गोळी बदलू नकोस आणि पुढच्या वेळी नजर थिजली की मोबाइलवर चित्रण कर. फिटचा प्रकार ठरवताना डॉक्टरांना ईईजीइतकाच (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाइतकाच) अशा अर्ध्या मिनिटाच्या चित्रणाचा उपयोग होतो, आणि गोळी कोणती हे त्या प्रकारावरूनच ठरते.