गटारीची लागर

घरी बिअर करणाऱ्याला स्वस्ताईचा मोह नडतो. इथे मेलबर्नमध्ये किटचा डबा सहज मिळतो. आत १.७ किलो माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या सातूचा, पाक, त्यात आपली किलोभर साखर, पाणी ओतून २३ लिटर. डब्यावर झोकात 'लागर' (थंडीत सावकाश होणारी बिअर) छापलेलं असतं, पण झाकणाखालच्या पुडीतलं यीस्ट बहुतेक वेळा एलचंच (उबेत लवकर होणाऱ्या बिअरचं) निघतं. म्हणजे पाटी पुरणपोळीची आणि ताटात गूळपोळी.

मग सुधारणा सुरू होतात. साखरेनं चढते बरी, पण बिअर पाणचट होते. म्हणून साखर बाद, माल्टची पावडर आत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर औषधी गोळी. शेवटी अस्सल लागरचं यीस्ट. पुडीची किंमत ऐकून बायको म्हणाली, "अरे, तयार बाटल्यांचा खोका कितीला येतो?" हा प्रश्न या छंदात विचारायचा नसतो.

या यीस्टला हवेत १२ अंश. मेलबर्नचं जूनमधलं गॅरेज त्यासाठीच बांधलेलं आहे. गटारीला मित्रांना पाजू या हिशेबानं पिंप लावलं. पण शेवटी शेवटी त्याला लोण्याचा वास सुटतो. तो जावा म्हणून चार दिवस १८ अंशांत ठेवायचं. एवढी ऊब घरात एकाच ठिकाणी: हॉलमध्ये, हीटरशेजारी. नेमका आईचा व्हिडिओ कॉल.

"मागे ते पिंप कसलं रे? बुडबुडतंय."

"आंबवतोय, आई."

"एवढं इडलीचं पीठ? किती माणसं येणारेत?"

मी 'बरीच' म्हणालो. खोटं नव्हतं.

पुढचा महिना लागरला एक-दोन अंशांत निवांत पडू द्यायचं असतं. लागरपणा येतो तो इथेच. एल पंधरवड्यात पिता येते, हिची मात्र बडदास्त. आता एक-दोन अंश म्हणजे फ्रिज, आणि फ्रिज म्हणजे बायकोचं संस्थान. तहात मला खालचे दोन कप्पे मिळाले. मोबदल्यात वर्षभराची भांडी.

गटारीला मंडळी जमली तेव्हा लागर फ्रिजात झोपलेली होती. दुकानातून खोका आणला. बायको काही बोलली नाही, फक्त पावती फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावली.

श्रावण लागला आणि लागर तयार झाली. सोनेरी, नितळ, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल अशी. मी मित्रांना फोन लावले.

"श्रावण आहे रे."

"मग गणपतीत?"

"गणपतीत? वेडा आहेस का? त्यानंतर पितृपक्ष. नवरात्र झालं की बघू. तोवर राहू दे फ्रिजात, सुधारेल अजून."

बायकोनं ऐकलं. इडलीच्या पिठाचं पातेलं हातात घेऊन ती खालच्या दोन कप्प्यांकडे बघत होती.