कांड्या मोजू नका, फोन लागतोय का ते बघा

परवा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकांनी अडवलं. "तुम्ही कोकणात सारखे जाता म्हणून विचारतो. दिवाळीनंतर आम्ही दापोली-गुहागर करतोय, दाभोळच्या फेरीबोटीनं. बोटीत कुणाची रेंज असते हो? त्याच कंपनीत पोर्ट करून टाकतो सगळ्या घराचे नंबर."

मी म्हटलं, काका, हे जिन्यात सांगण्यासारखं नाही, संध्याकाळी चहाला या. ते आले नाहीत. म्हणून इथे लिहितोय.

आधी माझी पात्रता. भोसरीत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, टेलिकॉममध्ये एक दिवसही नाही. पण बायकोचं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे वर्षाला तीन-चारदा दाभोळ-धोपावे फेरीबोट ठरलेली. ही बोट २००३ पासून आहे. त्याआधी दापोलीहून गुहागरला जायचं तर चिपळूणला वळसा घालत बसायचं. शिवाय आमचा एक जुना ट्रेकचा कंपू आहे. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो डोंगरापेक्षा लाँचमध्येच जास्त बसतो. तर एवढ्या भांडवलावर माझं ठाम मत असं की "बोटीत कुणाची रेंज चांगली" हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या पाण्यात, ते आधी सांगा.

पुण्याच्या माणसाला धरण घरचं वाटतं आणि समुद्र परका. पानशेत, मुळशी, कोयना म्हणजे आपलीच, तिथे काय व्हायचंय? रेंजच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. समुद्र सपाट असतो. मध्ये ना डोंगर, ना इमारत. चाळीस मीटर उंचीच्या टॉवरवरून निघालेली लहर बोटीत फोन धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत साधारण ३० किलोमीटर सरळ येऊ शकते. त्यापुढे पृथ्वीचा फुगवटा आडवा येतो. कोकणात तर बरेच टॉवर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर असतात, म्हणजे ती उंची आणखी धरायची. पर्यटकांना फिरवणारी होडी किनाऱ्यापासून किती आत जाते? दोन-चार किलोमीटर फार झाले. तिथे बहुतेकदा फोन चालतो.

धरणाचं पाणी मात्र दरीत साठलेलं. चारी बाजूंना डोंगर, काठाला जंगल, आणि ज्या गावांसाठी कुणी टॉवर उभारला असता ती गावं पाण्याखाली गेलेली किंवा उठलेली. कोयनेचा शिवसागर म्हणजे याचा अर्कच. टॉवर पाच किलोमीटरवर असला तरी मध्ये डोंगराची एक सोंड आडवी आली की संपलं.

तिथलाच किस्सा सांगतो. तीन वर्षांपूर्वी बामणोलीहून वासोटा किल्ल्याला गेलो होतो. सकाळी वनखात्याची परवानगी, मग लाँच, तास-सव्वा तास पाणी कापत पलीकडे. किल्ला उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला. मुरगळला म्हणजे घोटा लिंबाएवढा सुजला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून कसाबसा लाँचपर्यंत आला. बामणोलीत आमची गाडी आणि ड्रायव्हर होते. त्याला सांगायचं होतं की गाडी धक्क्यापर्यंत आण आणि साताऱ्याला कुठलं हॉस्पिटल उघडं आहे ते विचारून ठेव. अर्धं अंतर आल्यावर माझ्या फोनवर रेंजच्या दोन कांड्या दिसायला लागल्या. लावला. "कॉलिंग" आलं, पाच सेकंदांनी बंद. पुन्हा लावला, तेच. सात-आठ वेळा. आम्ही सहाजण, त्यातल्या चौघांकडे एकाच कंपनीचं सिम, कारण कधीतरी कुणीतरी फॅमिली प्लॅन स्वस्त पडतो असं सांगितलं होतं. (कंपनीचं नाव घेत नाही. तिचा दोष नव्हताच, शहाणपणा आमचा.)

लाँचवाले दादा सुकाणू धरून हे सगळं बघत होते. म्हणाले, "आवं, त्या कांड्या बघू नगा. लागतुय का त्ये बघा." मग त्यांनी इंजिन बारीक केलं, पाटाखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात रबरबँड लावलेला बटणांचा फोन. काठावरच्या एका वाळक्या उंबराकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या झाडाम्होरं आलं की दोन मिनिटं मिळत्यात. नंबर सांगून ठिवा." झाड आलं, फोन लागला, ड्रायव्हरशी बोलणं झालं, झाड मागे गेलं, फोन गेला. सहा हजारांपासून साठ हजारांपर्यंतचे आमचे सहा फोन हातातच राहिले.

घरी आल्यावर मी यावर बरंच वाचलं, कारण अपमान झाला होता.

कांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती ऐकू येतो त्याचं माप. तुमचा आवाज टॉवरला किती ऐकू जातो, हे त्यात नसतं. टॉवर दहा-वीस-चाळीस वॅटनं ओरडत असतो, आणि तुमचा फोरजी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटनं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या ढोलपथकातल्या पोराला हाक मारून बघा. त्याचा ढोल तुमच्या छातीत वाजतोय, तुमची हाक त्याच्या गावीही नाही. दोन कांड्या असून फोन न लागणं ते हेच. ९०० मेगाहर्ट्झवरचा जुन्या पद्धतीचा टूजी फोन मात्र गरज पडली तर २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो. दादांच्या त्या बटणांच्या फोनची जादू ती. शिवाय टूजीला बोलण्यासाठी सिग्नलही थोडाच लागतो.

टूजीला एक मर्यादा आहे, ती गमतीची आहे म्हणून सांगतो. टॉवर प्रत्येक फोनला बोलायला ठरावीक क्षण नेमून देतो. फोन फार लांब असला तर त्याचं बोलणं उशिरा पोचतं आणि पुढच्याच्या वेळेत घुसतं. हा हिशोब साधारण ३५ किलोमीटरपर्यंतच जुळवता येतो. त्यापुढे रेंज दिसली तरी उपयोग शून्य. पण आपल्यापैकी कोण दर्यात ३५ किलोमीटर जाणार आहे? तिथे जाणाऱ्या मच्छीमारांकडे वायरलेस असतो, आणि मोबाइलच्या भरवशावर ते जातही नाहीत.

तर काका, कंपनी निवडताना एफसी रोडवर फाइव्हजीचा स्पीड किती येतो ते विसरा. पुण्यातलं फाइव्हजी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. वेग प्रचंड, पल्ला कमी. पाण्यावर कामाला येतात त्या ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातल्या लहरी. त्या लांब जातात. दुसरी गोष्ट म्हणजे जिओकडे टूजी मुळातच नाही, ते फोरजी-फाइव्हजीचंच जाळं आहे. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएलकडे टूजी आहे. याचा अर्थ जिओ वाईट असा नाही. कित्येक खेड्यांत पहिलं धड इंटरनेट त्यांचंच पोचलं. अर्थ एवढाच की फोरजी क्षीण झालं तर तिथे खाली उतरायला पायरी नाही.

म्हणून माझा सल्ला: मुख्य नंबर पोर्ट करू नका. एकदा पोर्ट केलात की ९० दिवस परत फिरता येत नाही, आणि चार दिवसांच्या कोकणासाठी पुण्यातल्या घरात रेंज गेली तर वहिनी तुम्हाला जिन्यातच झोपवतील. फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा रिकामी पडलेली असते. तिथे दुसऱ्या कंपनीचं, टूजी असलेलं सिम घाला. घरात चौघं असाल तर चौघांची कंपनी एक नको. मग कुठली कंपनी? ते किनाऱ्यावरच्या गावावर ठरतं. पाण्याला स्वतःचा टॉवर नसतो, काठावरच्या गावाचाच उजेड त्याच्यावर पडतो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमांपासून कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे आपल्या वेबसाइटवर टाकावे लागतात. त्यात पाणी बघू नका, दाभोळ, धोपावे, अंजनवेल बघा. आणि नकाशापेक्षा एक फोन बरा. जिथे उतरणार त्या घरगुती खाणावळीच्या काकूंना विचारा, "तुमच्याकडे कुणाचं कार्ड चालतं?" त्या दोन सेकंदांत सांगतील. बीएसएनएलचं नाव आलं तर हसू नका. त्यांचं देशी फोरजी २०२५ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं, आणि आडबाजूला कधीकधी तेच उभं असतं.

धक्क्यावर पोचल्यावर करायची एक गोष्ट मला फार आवडते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा आणि यादी शोधायला लावा. मिनिट-दोन मिनिटं फोन गप्प बसतो, मग त्या जागी ज्या ज्या कंपन्यांची लहर पोचते त्यांची नावं दाखवतो. फुकटची पाहणी! (नंतर पुन्हा आपोआपवर आणायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, ताम्हिणीपर्यंत फोन मुका.) तसंच फोनवर "फक्त आपत्कालीन कॉल" असं आलं की आपण चिडतो. त्याचा अर्थ असा की तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे. ११२ लावलात तर तो त्या दुसऱ्याच्या टॉवरवरून जाऊ शकतो. समुद्रात काही झालं तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे, तो नंबर सेव्ह करा.

धक्क्याचंच आणखी एक. फेरीबोटीचे बरेच धक्के डोंगराच्या अगदी पायथ्याशी असतात आणि टॉवर वर सड्यावर, कड्यापासून आत. त्यामुळे धक्क्यावर सावली पडते आणि बोट मध्यावर गेली की रेंज येते. हे ठाऊक नसल्यानं गेल्या मे महिन्यात माझे तिकिटाचे पैसे तीनदा गेले. तिकीटवाल्यासमोर क्यूआर स्कॅन केला, चाक फिरत राहिलं. मागे गाड्यांची रांग, कुणीतरी हॉर्न वाजवतोय. बायकोच्या फोनवरून पुन्हा केलं, तेही फिरत राहिलं. शेवटी रोख दिले. खाडीच्या मध्यावर दोन्ही फोन एकदम टुणटुणले, दोन्ही पेमेंट झालेली. तिकीटवाला हसला. "वाईच दम धरायचा ना, काका," म्हणाला आणि एकाचे रोख परत दिले. दुसऱ्याचे मलाच घ्यायचं सुचलं नाही, ते बायकोनं घेतले. तेव्हापासून सुटे पैसे डॅशबोर्डमध्ये असतात.

बोटींचाच विषय निघालाय तर काश्मीरचं सांगून टाकतो, कारण निम्मं कोथरूड दरवर्षी दल सरोवरात असतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. पोस्टपेड चालतं. माझी मेहुणी हाउसबोटीत चार दिवस शेजारणीच्या हॉटस्पॉटवर जगली आणि परत येऊन म्हणाली की कंपनीनं फसवलं. कंपनीनं काही फसवलं नव्हतं, हा तिथला जुना नियम आहे. अंदमानला २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल गेली, साधारण २३०० किलोमीटरची, तेव्हापासून बेटांवर बरं आहे. दोन बेटांच्या मधल्या बोटीत मात्र पुस्तक वाचा.

आणि अमेरिकेतल्या भाच्याला "येताना तो सॅटेलाइट फोन घेऊन ये रे" असं अजिबात सांगू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे तर चालतच नाहीत. विमानतळावर परदेशी पाहुणे यावरून अडकलेले आहेत. भाचा ट्रेकला न्यायचा तर बटणांचा फोन घ्या, हजार-बाराशेत येतो, बॅटरी दिवसच्या दिवस टिकते. नाहीतर रेंज शोधून शोधून मोठे फोन दुपारपर्यंतच मान टाकतात. बोटीत बसल्यावर फाइव्हजी बंद करून ठेवलं तरी बराच फरक पडतो. नकाशा घरूनच उतरवून घ्या, कारण जीपीएसला रेंज लागत नाही.

माझ्या गाडीत आता तसा एक फोन असतो. दादांसारखाच दुहेरी पिशवीत, रबरबँड लावून. बायको त्याला "उंबर" म्हणते.

पुढच्या शनिवारी आम्ही वेशवी-बागमांडला फेरीबोट करतोय, बऱ्याच वर्षांनी. गेल्या महिन्याभरात तिकडून कुणी गेलं असेल तर खाली कंपनीचं नाव आणि फोन लागला की नाही, एवढंच लिहा. कांड्या किती होत्या ते सांगू नका.